आलास, आलीस, आलात

आलास. आलीस. आलात.

~

सात भागांत शहर चार वेळा कोसळलं. त्या शहरातल्या विमावाल्यांवर कोणी सिनेमा काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

~

जेवणानंतर घ्यावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. चक्कर आल्यास वाहन चालवू नये.

~

प, फ, ब, भ, म. ही पाच अक्षरं आली की ओठ मिटतात. बाकीची सगळी भाषा उघड्या तोंडानं बोलता येते.

~

कलम अकरा. सदर कामाबद्दल, कामाच्या स्वरूपाबद्दल व काम केल्याबद्दल लिहून देणाऱ्याने कोणासही, कुटुंबीय धरून, काहीही सांगू नये. ही अट मालिकेच्या अखेरच्या भागाच्या प्रदर्शनानंतर तीस दिवस संपेपर्यंत लागू राहील.

~

आईचं मत: त्याला घर नाही का? सारखा आपला छपरावर.

~

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर ताईपासून सुरुवात करायला हवी. तिला ताई म्हणणारा जगात एकच, तिचा धाकटा भाऊ. पण गोष्टीपुरतं आपणही तेच म्हणू.

ताई औषधांच्या खोक्यात जो घडीचा कागद निघतो, त्याचं भाषांतर करते, असं घरी सगळ्यांना माहीत होतं. दहा वर्षांपूर्वी ते खरं होतं. मग एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं, कागदावर सही घेतली, आणि तेव्हापासून ती 'महाकवच' या परदेशी सिनेमा-मालिकेचे संवाद आपल्या भाषेत लिहीत होती. महाकवच म्हणजे तोच तो, चिलखतवाला, ज्याला पोरं लाडानं कवच्या म्हणतात आणि ज्याचं चित्र पोरांच्या दप्तरांवर, डब्यांवर आणि एका बनियनच्या खोक्यावरसुद्धा आहे. तो आपल्या भाषेत जे जे बोलला, ते ताईच्या वहीतून बोलला. हे माहीत असणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्या बोटांत घरचं एकही नव्हतं.

भाऊ दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा आणि संध्याकाळी सिनेमांना नंबर द्यायचा. त्याची एक चित्रफितींची वाहिनी होती, तिचं नाव 'मतवाला'. पुढे पुढे त्यालाच सगळे मतवाला म्हणू लागले. मतं त्याच्याकडे भरपूर होती. रडके सिनेमे वाईट, कारण ते रडायची वेळ आधी वाजवून सांगतात. विनोदी सिनेमे वाईट, कारण विनोद जाहिरातीतच संपतात. पण त्याचं खरं प्रेम आणि खरा राग कवच्यावर होता, आणि रागातला मोठा वाटा भाषांतरासाठी राखून ठेवलेला होता.

हे सगळं तो घरातल्या अडगळीच्या खोलीत बसून बोलायचा. तिथे खिडकी नव्हती, म्हणून आवाज स्वच्छ यायचा. पण उजेडही नव्हता. म्हणून दिवा धरायला कोणीतरी लागायचं.

"ताई, जरा वर. चेहऱ्यावर नको, कपाळावर. हां. हलवू नकोस."

ताई दिवा धरायची.

"तर मंडळी, सातवा भाग. हे आपल्या भाषेत लिहिणारे कोण महाभाग आहेत, मला भेटायचंय त्यांना. कवच्या शत्रूला म्हणतो, 'तुझा माज उतरवीन.' अरे, मूळ वाक्य काय, ह्यांचं काय. मला तर वाटतं, हे लोक सिनेमा बघतच नाहीत."

ताईचा हात हलला.

"ताई."

"मुंगी आली होती हातावर."

आता गंमत बघा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातानाही माणसाला निदान एवढं समाधान असतं की मारणारा चुकतोय. ताईला तेही नव्हतं. मतवाला बरोबर बोलत होता. ती सिनेमा बघत नव्हती.

~

तळघरात एक खोली होती. तिला दोन दारं, एकामागे एक. पहिल्या दारात फोन एका कप्प्यात ठेवायचा, दुसऱ्या दारात दप्तर. आत एक टेबल, एक काचेमागची छोटी खोली, भिंतीवर पडदा, आणि कोपऱ्यात कंपनीची एक तरुण बाई, जिचं काम फक्त बसणं हे होतं. तिच्या गळ्यात किल्ल्या असायच्या. ताई मनातल्या मनात तिला कुलूपबाई म्हणायची. बाहेर दिवस आहे की ढग आले आहेत, ते घड्याळसुद्धा सांगत नव्हतं.

पडद्यावर काळोख असायचा. गुपित फुटू नये म्हणून कंपनी सगळं चित्र काळं करून पाठवायची आणि जो बोलतोय त्याच्या तोंडाभोवती तेवढं एक वाटोळं भोक ठेवायची, वाटीएवढं. त्या भोकात ओठ. ओठ काय म्हणतात ते कानावर यायचं, आणि मिटले कधी, उघडले कधी, ते बघून ताईनं त्याच मापाचं वाक्य शिवायचं. ओठ मिटले की तिथे प किंवा म हवा. 'तुझा गर्व उतरवीन' अर्थाला जास्त बरं होतं, पण तिथे ओठ मिटत होते आणि ग ला मिटत नाहीत. म्हणून माज. हे मतवाल्याला कोण सांगणार.

पहिले दोन भाग तिनं मागाहून पडद्यावर पाहिले, मतवाल्याच्या शेजारी बसून. तिच्या प्रत्येक वाक्याला तो नाकातून हवा सोडायचा. तिसऱ्यापासून तिनं जाणं सोडलं. त्यामुळे कवच्याला सगळं जग चिलखतावरून ओळखायचं आणि ताई ओठांवरून. आठ भागांत तिचं मत असं एकच बनलं होतं, आणि ते मतवाल्याच्या सगळ्या मतांहून खरं होतं, असं तिला वाटायचं. पाचव्या भागापासून हा माणूस कंटाळलाय. वाक्य सुरू व्हायच्या आधी त्याचे ओठ क्षणभर आत जायचे, शाळेत नाव पुकारल्यावर पोरांचे जातात तसे. सहाव्यात तो गालाचा आतला भाग चावत होता. सातव्यात हसायच्या जागी फक्त कोपरे वर घेत होता. जगभर त्याच्या नावानं शिट्ट्या, आणि आत एक माणूस सुटका मागत बसलेला. हे फक्त तिला माहीत. त्याच्यावर तिचा जीव होता तो त्यामुळे. दोघंही एकाच वाटीतून श्वास घेत होती.

म्हणून आठवा भाग हा शेवटचा, कवच्या त्यात मरतो, हे कळल्यावर तिला जे झालं त्याला आनंदच म्हणावं लागेल. शेवटचा भाग, अधिक तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी ती अडगळीच्या खोलीत दिवा मतवाल्याच्या हातात देणार होती आणि समोर स्वतः बसणार होती. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. दोनच शब्द: "ती मी." त्यासाठी नऊ वर्षं गिळली होती.

~

त्या दिवशी सकाळपासून एकच वाक्य अडलं होतं. कवच्याचं मरतानाचं, कोणीतरी जवळ येतं तेव्हाचं. चार हालचाली, एकही मिटणं नाही. मूळ भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, आणि येणारा पुरुष की बाई ते क्रियापद सांगत नाही. तिकडे सुखी लोक आहेत. आपल्याकडे कोणी दारात आलं तर तोंड उघडण्याआधी ते कोण, केवढं, आपलं नातं काय, हे सगळं ठरवावं लागतं.

आलास अखेर. आलीस अखेर. आलात अखेर. तिन्ही मापात बसत होती.

"कोण येतं?" ताईनं विचारलं.

"ते सांगता येत नाही मॅडम," कुलूपबाई म्हणाली.

"नाव नको. बाई की पुरुष, एवढंच."

"तेच तर गुपित आहे."

"बरं. एक की पुष्कळ?"

"मॅडम, मलाच माहीत नाही. माझ्याही पडद्यावर ओठच असतात."

"म्हणजे तुम्ही गुपित राखताय, पण तुम्हाला ते माहीत नाही."

"हो. म्हणून तर मी चांगली राखते."

काचेमागे खर्जकाका बसले होते. कवच्याचा आवाज त्यांचा. नऊ वर्षं ते लवंग चघळत त्याला बोलतं करत होते. ते मायक्रोफोनमधून म्हणाले, "मला एवढंच सांगा, प्रेमानं म्हणू की रागानं?"

"माहीत नाही काका."

"मग मधोमध म्हणतो. पण कोणाला? बायकोला मधोमध म्हणतात ते वेगळं, सावकाराला वेगळं."

"देवाला म्हणतोय असं समजा."

"देवाला तूच म्हणतात. मग 'आलास'."

"आणि ती त्याची आजी निघाली तर?"

काका लवंग चघळत राहिले. "मग अख्खं थिएटर हसेल," ते म्हणाले.

पाच वाजता फाइल जायची होती. तिथून पुढे काना बदलता येणार नव्हता. दिवसभरात ताईनं ती चार हालचालींची वाटी चाळीस वेळा पाहिली. आणि चाळिसाव्या वेळी तिला दिसलं की या एका वाक्याआधी ओठ आत गेले नाहीत. पाचव्या भागानंतर पहिल्यांदा ते सैल होते. सुटणाऱ्या माणसाचे ओठ. तिला त्याचा हेवा वाटला आणि त्याची कीवही आली, एकदमच, आणि घड्याळात चार बावन्न झाले.

तू म्हणावं की तुम्ही, हे ठरेना, की आपली माणसं काय करतात? कर्त्यालाच घराबाहेर काढतात. वयानं लहान पण नात्यानं मोठा दीर असतो. नवा जावई असतो. काल भांडलेला नवरा असतो. 'जेवण झालं?' 'निघायचं कधी?' 'चहा चालेल?' तू नाही, तुम्ही नाही, कोणीच नाही. नुसतं जेवण होतं, नुसतं निघणं होतं. घरं चालतात यावर. ताईनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं:

झालं येणं?

चार हालचाली. एकही मिटणं नाही. बाईला चालतं, बाप्याला चालतं, आजीला, शत्रूला, कुत्र्यालाही. काकांनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि मधोमध म्हटलं. एका दमात झालं. पाच वाजता कुलूपबाईनं फाइल पाठवली.

दोन्ही दारांबाहेर, जिन्यावर पोचल्यावर ताईला कळलं की तिनं काय लिहिलंय.

~

पहिल्या दिवशी, सकाळच्या खेळाला, मतवाला म्हणाला, "ताई, तूही चल. शेवटचाच आहे. औषधांच्या कागदांतून जरा बाहेर ये." आईही आली, गुडघ्याला पट्टा बांधून.

दोन तास काय झालं ते ताईला सांगता येणार नाही. तिची नखं खुर्चीच्या हातात रुतलेली होती. मग शहर पाचव्यांदा कोसळलं, ढिगाऱ्याखाली कवच्या पडला, शिरस्त्राण फुटलं, आणि ताईला त्या ओठांच्या वरचे डोळे दिसले. हिरवट होते. थिएटर इतकं शांत की आईच्या पट्ट्याचा आवाज ऐकू आला. धुरातून एक आकृती आली. वाकली. एक म्हातारा. आठ भाग ज्याला शोधत होता तो त्याचा बाप.

'आलात' हवं होतं. साधं, सरळ, 'आलात'.

"झालं येणं?" कवच्या म्हणाला, मधोमध.

आधी डावीकडे कोणीतरी फुसकन हसलं. मग एक रांग. मग छप्पर उडेल असं थिएटर हसलं, आणि मतवाला सगळ्यांत मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. "ताई, ऐकलंस? मरताना सासूसारखा बोलतोय." ताई अंधारात समोर बघत राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कोणाला. हशा ओसरल्यावर मात्र एक विचित्र गोष्ट झाली. ती शांतता परत आली, पण आधीचीच नव्हे. कोणीतरी मागे नाक पुसलं.

आई पुटपुटली, "तुमच्या बाबांना मी असंच म्हणायचे. तू म्हणवत नव्हतं, आणि तुम्ही म्हणावं असं ते वागत नव्हते."

~

दिवस पहिला. मतवाल्याची चित्रफीत: 'सासू कवच्या'. ताईनं दिवा धरला.

तिसरा. चष्म्याच्या दुकानात उशिरा आलेल्या कारागिराला मालक म्हणाले, "झालं येणं?" सगळी हसली.

आठवा. रस्त्यावरच्या भिंतीवर कोणी ते रंगवलं. प्रश्नचिन्हासकट.

अकरावा. एका मोठ्या पेपरात लेख: मूळ सिनेमातलं वाक्य फिकं आहे, आपलं खोल आहे, त्यात बापाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हा आयुष्यभराचा पेच आहे. लेखकानं ते शास्त्र दीड हजार शब्दांत उलगडलं होतं. ताईनं ते दोनदा वाचलं आणि तिला स्वतःबद्दल बरीच नवी माहिती मिळाली.

चौदावा. मतवाला दिव्याखाली म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो."

"पहिल्यापासून?" ताईनं दिव्यामागून विचारलं.

"मध्ये बोलू नकोस, आवाज येतो. तर मंडळी, हा जो कोणी लेखक आहे ना, हा माणूस म्हातारा असणार, खूप सोसलेला, बापाशी न पटलेला. त्याला मी शोधून काढणार. इथे, याच खुर्चीवर बसवणार."

ताईनं खुर्चीकडे पाहिलं. एक पाय लटपटत होता, त्याखाली पुठ्ठा होता. अजून सोळा दिवस. तिनं मनात साडी काढून ठेवली होती, निळी. जेवताना तिला उगाच हसू यायचं. मतवाला म्हणायचा, "काय गं? औषधांचा कागद विनोदी होता का?" ती म्हणायची, "दुष्परिणाम वाचत होते." तो हसायचा. कित्येक वर्षांनी दोघं एका वेळी हसत होती.

~

सव्विसाव्या दिवशी कुलूपबाईचा फोन आला.

तीच दोन दारं, तोच कप्पा. टेबलावर कागद. कवच्या मेला नव्हता. म्हणजे मेला होता, पण ज्या काळात मेला तो काळ पुसून टाकायचा असं ठरलं होतं. नववा भाग, आणि बहुतेक दहावाही.

"आणि मॅडम, वरून खास निरोप आहे. 'झालं येणं' यात तीनदा तरी हवं."

"ओठ जुळतील तिथे येईल," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला. "कलम अकराचं काय?"

"तसंच आहे. अखेरचा भाग, अधिक तीस दिवस."

"मी सही केली नाही तर?"

कुलूपबाईनं पान उलटलं. तिला वाईट वाटत होतं, हे तिच्या ओठांवर दिसत होतं. वाचायची सवयच ताईला. "नवीन काम मिळणार नाही. पण आधीचा कागद मालिका संपेपर्यंत आहे, आणि मालिका संपलेली नाही."

म्हणजे सही केली तर गप्प. नाही केली तरी गप्पच, वर रिकामी. काचेमागे खर्जकाका आधीच येऊन बसले होते. त्यांनी हात वर केला, नमस्कार की शरणागती ते काचेतून कळलं नाही.

"नमुना आलाय, बघायचा?" कुलूपबाईनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत दिवे गेले. काळोखात वाटी उघडली. ओठ होते. बोलायच्या आधी ते आत गेले, आणि आतच राहिले, इतका वेळ की ताईला वाटलं चित्र अडकलंय.

तिनं सही केली. पेन तिचंच होतं.

~

घरी आली तर अडगळीच्या खोलीचं दार उघडं. "बरं झालं आलीस, दिवा धर. आज मोठं काम आहे."

ताईनं पर्स खाली ठेवली आणि दिवा धरला.

"मंडळी, बातमी तुम्ही ऐकलीच असेल, नववा भाग येतोय. माझं मत? लाज सोडलीये. मेलेल्याला झोपू देत नाहीत. पण आज मी सिनेमावर बोलणार नाही. आज मी एका माणसाशी बोलणार आहे. लेखक महाशय, तू जो कोणी असशील, ऐक. मी तुझ्यावर नऊ वर्षं..."

"तू म्हणू नकोस," ताई म्हणाली.

मतवाला थांबला. "काय?"

"तू म्हणतोयस. केवढा आहे, कोण आहे, माहीत नाही ना."

"मग तुम्ही म्हणू?"

"तुम्हीही नको. आणि असशीलही नको." दिव्यामागे तिचा चेहरा दिसत नव्हता. तो फक्त उजेड बघत होता. "'जे कोणी असेल' म्हण. म्हणजे कोणालाही चालतं."

तो तिच्या दिशेनं बघत राहिला, डोळे बारीक करून, गिऱ्हाइकाला लांबची अक्षरं वाचायला लावताना करतो तसे. ताईनं ओठ मिटले. दिव्याची तार तापली होती. तिनं दुसरा हात आधाराला लावला.

"'जे कोणी असेल'," तो सावकाश म्हणाला. "हां. हे बरं आहे." मग खुर्ची सावरून बसला. "पुन्हा घेतो. जरा वर धर."

तिनं वर धरला.

मतवाल्यानं आयुष्यातला पहिला परका सिनेमा पाहिला तेव्हा तो पाच वर्षांचा होता, पडद्याखालची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, आणि ताईनं ती सगळी त्याच्या कानात आपल्या भाषेत सांगितली; मध्यंतरानंतर तो झोपला, तरी ती शेवटपर्यंत सांगत राहिली होती.